खिंडीतली तपकिरी गाय

तासबुलाक, ४ सप्टेंबर

प्रिय काम्शात,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. आईचा नियम तुला आठवत असेलच. वाईट गोष्ट जिभेवर आणायची नाही, नाव घेतलं की ती घर शोधत येते, आणि अगदीच पोटात मावेना तर कागदावर लिहायची, कारण कागदाला जीभ नसते. शिवाय आमच्या दोन खोल्यांत फोनवर कितीही कुजबुजलो तरी तुझ्या झिपा वहिनीला ऐकू जातं. म्हणून हे पत्र ओराझच्या टॅक्सीतून पाठवतोय.

आम्ही गाडी घ्यायचं ठरवलंय. झिपाला आठवड्यातून तीनदा शेलेकला डायलिसिसला न्यावं लागतं, हे तुला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात ओराझची टॅक्सी खिंडीच्या अलीकडेच बंद पडली आणि एक फेरी बुडाली. दुसऱ्या दिवशी तिचे पाय खांबासारखे सुजले होते आणि तिला श्वास पुरत नव्हता. लागोपाठ दोन फेऱ्या बुडाल्या असत्या तर काय, ते मी इथेही लिहीत नाही. यंदा बर्फ पडायच्या आत दारात स्वतःची गाडी हवी.

तर परवा तुमच्या शहरात शोरूमला गेलो. तुला भेटलो नाही म्हणून रागावू नकोस, झिपा दमली होती. फरशी इतकी चकचकीत की झिपा बूट काढायला वाकली. असनाली नावाचा एक टोकदार बुटांचा पोरगा आला, त्यानं चहा दिला, मला आजोबा म्हणाला, आणि गाडी पसंत पडल्यावर हळूच दुसरा कागद पुढे सरकवला. गाडीच्या तळाला गंज न लागण्याचा लेप. रंगावर काचेसारखा थर. मॅट. थंडीत घरात बसून इंजिन सुरू करणारा अलार्म. कर्जाबरोबर माझा आयुर्विमा. गाडीचा पूर्ण विमा. कोंबडीपेक्षा मसाला महाग. मी म्हटलं, "हे काढून टाक." तर म्हणतो, "हे सगळं एकत्रच असतं आजोबा. नको असेल तर गाडी वसंतात मिळेल." मग मान तिरकी करून, "तुमच्याकडे ती खिंड आहे ना? देव न करो, पण तिथे काही झालं तर?"

काम्शात, त्या पोराला काय माहीत कुठली खिंड आणि तिथे आपलं कोण गेलं. तो गाडी विकत नव्हता, भीती विकत होता, आणि मी गिऱ्हाईक होतो. विचार करून सांगतो म्हणालो आणि पळून आलो. त्यातलं काय खरोखर लागतं आणि काय नुसतं फसवणं आहे? तू ट्रॉलीबस डेपोत आयुष्य काढलंस, गाड्यांचं तुला कळतं. मी शाळेचा बॉयलर पेटवणारा माणूस, मला कोळसा कळतो. लवकर लिही.

तुझा दादा,
तुर्लिबेक

*

अल्माटी, ११ सप्टेंबर

दादा,

खिंडीचं वाचून पत्र घडी घालून बाजूला ठेवलं होतं. पण तू विचारलंस ते सांगते.

रंगावरचा थर विसर. तुमच्या रस्त्यावरची खडी त्या थराला दोन दिवसांत सोलून काढेल. मॅट बाजारात घे. गंजाचा लेप कारखान्यातूनच लागून येतो, तरी असनालीला विचार की ह्यांचा लेप त्याहून वेगळा काय करतो आणि ते लिहून दे म्हणावं. लिहून द्यायची वेळ आली की असली पोरं चहा आणायला जातात. अलार्म मात्र घे. चोरासाठी नाही, तासबुलाकमध्ये चोर आला तर कुत्री त्याच्या आजोबांचं नाव सांगतील. तो घे वहिनीसाठी, म्हणजे पहाटेच्या गारठ्यात ती गरम गाडीत बसेल. बाहेरून बसवलास तर कंपनी हमी नाकारते, म्हणून त्यांच्याकडूनच.

तुझा आयुर्विमा सक्तीचा नसतो. नाही घेतला तर व्याज किती वाढतं ते विचार, आणि दोन्हींत जे स्वस्त पडेल ते कर. आणि "सगळं एकत्रच असतं" म्हणाला की दारापर्यंत चालत जा. तो मागे येईल. भीड भिकेची बहीण, दादा, आणि तुला भीड फार.

गाडीचा पूर्ण विमा घे. सक्तीचा विमा समोरच्याच्या गाडीसाठी असतो. तुझी स्वतःची घसरली, आपटली, कुणाचं जनावर आडवं आलं, तर त्यात तुला काही मिळत नाही. ही गाडी गेली तर दुसरी घ्यायची तुझी ऐपत नाही, आणि गाडी नसली तर वहिनीच्या फेऱ्या कशा होणार. एवढंच बघ. ज्याच्यावाचून अडेल त्याचाच विमा, बाकी सगळी झालर.

एक विचारून ठेव. पॉलिसीत चालकांची नावं असतात. ज्याचं नाव नाही त्याच्या हातून काही झालं तर कंपनी हात वर करते.

माझं ठीक आहे. सकाळी चालक येतात, मी एकेकाच्या डोळ्यांत बघते, "झोप झाली का?" विचारते, आणि मगच गाडी देते. अल्दियारचा बाप एर्मुरात त्या खिंडीत गेल्यापासून मला हे काम जमतं, दुसरं काही जमत नाही. अल्दियारनं पावाच्या व्हॅनची नोकरी सोडली. मालकाशी पटलं नाही. तो घरीच असतो. त्याला गाडीचं एवढ्यात कळवू नकोस. भाच्याचं तिसरं मागणं अजून शिल्लक आहे, विसरलास का?

तुझी,
काम्शात

*

तासबुलाक, २९ सप्टेंबर

प्रिय काम्शात,

गाडी आली. पांढरी आहे.

तू सांगितलंस तसंच झालं. दारापर्यंत गेलो. असनाली टोकदार बूट वाजवत मागे आला. लेपाचं लिहून दे म्हटल्यावर खरंच चहा आणायला गेला. झिपाला इतकं हसू आलं की तिथल्या खुर्चीवर बसावं लागलं. अलार्म आणि पूर्ण विमा घेतला, बाकी सोडलं. पॉलिसीत माझं एकट्याचं नाव घातलं. असनालीनं विचारलं, "अजून कोण चालवणार?" मी म्हटलं, "माझ्या घरात दुसरं आहे कोण?"

दारात गाडी उभी केली तेव्हा सगळं गाव जमलं. शेजारच्या आजीनं नजर लागू नये म्हणून आद्रास्पानच्या झुडपाचा धूर चारी चाकांना दाखवला, आरशाला निळा मणी बांधला. मेंढी कापली. झिपानं टपावर खाऊच्या गोळ्या उधळल्या आणि पोरं चाकांखाली घुसली. आणि त्या गर्दीतून ओराझच्या टॅक्सीतून उतरून कोण आलं, तर तुझा अल्दियार. मी कळवलं नव्हतं, पण ओराझच्या पोटात काही राहतं का?

त्यानं सगळ्यांसमोर बॉनेटवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "मामा, माझं तिसरं राहिलंय."

झिपाची गोळ्यांची मूठ तशीच वर राहिली. सात वर्षांचा असताना त्यानं माझ्या शिकारी कुत्रीचं पिल्लू मागितलं, मी दिलं. सोळाव्या वर्षी आपल्या बापूंचं खोगीर मागितलं, ते देताना मला रडू आलं, पण दिलं. बहिणीच्या लेकरानं तीनदा मागावं आणि मामानं एकदाही नाही म्हणू नये, हे आपल्या हाडात आहे. झिपाकडे बघायची हिंमत होईना.

मग तो म्हणाला, "गाडी नको मामा. गाडीची पुढची जागा द्या. मामीला शेलेकला मी नेईन, मी आणीन."

काम्शात, आजी रडली, मी रडलो. आता थंडी सुरू झाली की पहाटे मला बॉयलर सोडून हलता येत नाही, आणि आठवड्यातून तीनदा कोण सुट्टी देणार, ह्याच विचारात मी होतो. देवानंच पोराला पाठवलं.

फक्त एक राहिलंय. पॉलिसीत त्याचं नाव घालायचं तर कंपनीची मुलगी फोनवर विचारते की ह्या चालकाच्या हातून आधी कधी अपघात झालाय का. मी म्हटलं, त्याच्या आईला विचारून सांगतो. ती रोज चालकांच्याच परीक्षा घेते. लवकर कळव, तोवर मी त्याला गाडी गावाबाहेर नेऊ देत नाही.

तुर्लिबेक

*

अल्माटी, ६ ऑक्टोबर

दादा,

त्याच्या नावावर कुठेही काही नोंद नाही. तसं लिहून टाक.

तो तिकडे आहे हे बरं झालं. इथे चार भिंतींत कुढत होता. त्याला रात्री लवकर निजव. तुमच्याकडे पाहुणे आले की पत्ते मध्यरात्रीपर्यंत चालतात, त्याला बसू देऊ नकोस. पहाटे निघताना पोटभर खायला घालू नकोस, काळा चहा दे आणि तोंडात ठेवायला कुरूत दे, वाळवलेल्या दह्याचा गोळा, चांगला आंबट. आणि वहिनीला म्हणावं, मागे आडवी होऊ नकोस, पुढे बस, त्याच्याशी बोलत राहा. तिला बरं नसलं तरी बोलत राहा.

हे सगळं आईची काळजी म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही.

काम्शात

*

तासबुलाक, २ डिसेंबर

प्रिय काम्शात,

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं वाईट काही नव्हतं, आणि चांगलं तर फोनवर बोलतोच. आता थोडंसं वाईट आहे, पण त्याचा शेवट चांगला आहे, म्हणून घाबरू नकोस.

गेल्या गुरुवारी शेलेकहून परत येताना खिंडीत गाय आडवी आली. अल्दियारनं तिला वाचवायला गाडी वळवली आणि उजवी बाजू कठड्याला घासली. दोन्ही दारं आत गेलीत, आरसा तुटला. निळा मणी मात्र शाबूत. दोघांना खरचटलंही नाही. कठडा नसता तर, ते मी लिहीत नाही. तिथे खाली काय आहे ते तुला आणि मला सांगायला नको.

पोरगा पांढराफटक पडून आला. मला म्हणाला, "तपकिरी गाय होती मामा, कपाळावर पांढरा ठिपका." मी गावात विचारलं, तशी गाय कुणाची नाही. नोव्हेंबरच्या अखेरीला खिंडीत गाय करते काय, असं ओराझ म्हणाला. मी त्याला म्हटलं, गायीला कॅलेंडर वाचता येतं का?

पण बघ, तुझं म्हणणं किती खरं ठरलं. जनावर आडवं आलं तर, असं तू लिहिलं होतंस, आणि तेच झालं. पूर्ण विमा नसता तर मी आज कपाळाला हात लावून बसलो असतो. कंपनीच्या मुलीनं कागद पाठवलेत. अपघात कसा झाला ते लिहायचं, आणि चालकाच्या हातून आधी अपघात झालेला नाही, ह्यावर पुन्हा सही करायची. ओराझ रविवारी शहरात येईल तेव्हा कागद घेऊन जाईल. तोवर गाडी तशीच चालतेय, फेऱ्या बुडालेल्या नाहीत.

झिपा गप्प गप्प असते. मी विचारलं तर म्हणते, गायीचे डोळे आठवतात.

तुर्लिबेक

*

अल्माटी, ५ डिसेंबर, शुक्रवार

दादा,

सही करू नकोस.

ती गाय मला माहीत आहे. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. गेल्या उन्हाळ्यात ती शहराच्या बाहेर, सपाट सरळ रस्त्यावर पावाच्या व्हॅनपुढे आली होती. व्हॅन कालव्यात गेली. अल्दियारनं मला हीच गाय सांगितली, हाच ठिपका. पण मागून येणाऱ्या माणसानं पाहिलं होतं, रस्ता रिकामा होता आणि व्हॅन हळूहळू कलत गेली. माझं पोर चालवताना झोपतं, दादा. रात्रभर झोपूनही झोपतं. मालकानं पोलिसांत न जाता त्याला काढून टाकलं, म्हणून नोंद नाही. मी तुला नोंद नाही एवढंच लिहिलं. खोटं लिहिलं नाही असं स्वतःला समजावलं आणि कुरूत द्यायला सांगितलं.

ज्याला माझ्या डेपोत मी रिकामी ट्रॉलीबसही दिली नसती, त्याच्या हातात मी वहिनी दिली. मला वाटलं, कुणीतरी त्याच्यावर पुन्हा भरवसा टाकला की तो सुधारेल. झोप काही लाजेनं जात नाही, हे मला कळायला हवं होतं.

आता पत्राचा हिशोब करतेय. ओराझ उद्या दुपारी निघणार, म्हणजे तुला संध्याकाळी मिळणार. उद्या शनिवार. उद्या पहाटेच वहिनीची फेरी आहे.

आईनं मला क्षमा करावी. हे पाकीट बंद करून मी फोन उचलणार आहे आणि मोठ्यानं बोलणार आहे. पत्र तरीही पाठवते, कारण फोनवर मी निम्म्यात रडेन.

काम्शात

*

तासबुलाक, १४ डिसेंबर

प्रिय काम्शात,

तुझा फोन आला तेव्हा मी बॉयलरवर होतो. फोन झिपानं उचलला. तू अर्ध्यात रडलीस म्हणे, पण अर्धं पुरेसं होतं.

ती मफलरही न घेता बर्फातून शाळेपर्यंत चालत आली. अल्दियार माझ्याजवळच बसला होता, फावडं धरून. ती दारात उभी राहून म्हणाली, "गाय नव्हती. हा झोपला होता. हनुवटी छातीला टेकली तेव्हा मीच स्टिअरिंग ओढलं." मग खाली बसली.

अल्दियार कोळशाच्या ढिगावर बसून लहान पोरासारखा रडला. मी तिच्यावर ओरडलो. आठ दिवस माझ्यापासून लपवलंस, त्याच्याबरोबर पुन्हा पुन्हा गेलीस, तुला जिवाची पर्वा आहे की नाही. तर ती म्हणाली, "जिवाचीच आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याची गाडी बंद केली असती. मग मला कोण नेणार होतं? गेले नसते तर नक्की मेले असते. त्याच्याबरोबर कदाचित मेले असते. मी कदाचित घेतलं." खिंड आली की ती त्याला चिमटे काढायची आणि गाणी म्हणायची. कठड्याच्या दिवशी तिचा आवाज बसला होता.

आता माझं ऐक. तिसरं मागणं नाकारता येत नाही म्हणून मी त्याला पुढची जागा दिली असं तुला लिहिलं, बॉयलर सोडता येत नाही असंही लिहिलं. मुख्याध्यापकांना मी विचारलंही नव्हतं. एर्मुरातला त्या घळीतून वर काढणाऱ्यांत मी होतो, हे तुला माहीत आहे. तेव्हापासून ते वळण मला बघवत नाही. ओराझच्या मागच्या सीटवर मी डोळे मिटून बसायचो. गाडी घेतली खरी, पण बर्फात ती मीच चालवायची ह्या विचारानं मला घाम फुटायचा. भाच्यानं बॉनेटवर हात ठेवला तेव्हा मी का रडलो, ते आता तुला कळेल. त्या शहाण्या असनालीकडे सगळं होतं, पण घरातल्या चार माणसांनी एकमेकांपासून लपवलेल्या गोष्टीवर त्याच्याकडे लेप नव्हता.

विम्याचा कागद मी चुलीत घातला आणि कंपनीला सगळं खरं सांगितलं. ती मुलगी आधी वरिष्ठांशी बोलली. मग म्हणाली, नुकसानीचं काही मिळणार नाही, अल्दियारचं नाव काढावं लागेल, पण तुमच्या नावावरचा विमा चालू राहील. दारं तशीच आत गेलेली राहतील. झिपा म्हणते, राहू देत, दिसलेली बरी.

मुख्याध्यापकांना विचारलं, ते एका मिनिटात हो म्हणाले. फेरीच्या दिवशी बॉयलर अल्दियार सांभाळतो आणि पहारेकरी त्याच्यावर नजर ठेवतो. शेलेकच्या डॉक्टरांना झिपानंच विचारलं. ते म्हणाले, रात्री झोपेत ज्याचा श्वास अडतो त्याला दिवसा अशी झोप येते, हा आजार असू शकतो, शहरात तपासणी करून घ्या. नव्या वर्षाच्या सुट्टीत त्याला ओराझबरोबर पाठवतो, तू घेऊन जा. त्याला ओरडू नकोस. तो स्वतःला पुरेसं ओरडतोय.

गाडी आता मी चालवतो. पहिल्या दिवशी एर्मुरातच्या आठवणीच्या दगडाजवळ मी गाडी थांबवली. वारा गाडी हलवत होता. झिपा म्हणाली, "मला भीती वाटतेय." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "मलाही." आई वरून ऐकत असेल तर ऐकू दे. काही आलं नाही, काही झालं नाही. थोडा वेळ तसेच बसलो आणि मग पहिल्या गिअरमध्ये पुढे निघालो. भीती गेलेली नाही, काल पुन्हा तिथेच थांबलो होतो.

परवा पहाटे फेरी आहे, आदल्या रात्री बर्फ पडेल म्हणतात. खिंड ओलांडली की मी फोन करीन. फोन आला नाही तर काळजी कर, ओराझला उठव, सगळ्या गावाला उठव. पत्र लिहीत बसू नकोस.

तुझा दादा,
तुर्लिबेक